वरची मूठ

बारा खोकी गुरुवारी सकाळी गेली आणि दुपारच्या भाकरी व्हायच्या आत परत आली.

सकाळी ती निघाली तेव्हा सत्यभामाआजींनी घराला लागूनच्या शेडमधल्या बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली होती, झाडून सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतलं होतं आणि मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत घरटी एक पेढा गेला होता. आता खोकी उतरताना बघायला तीच गल्ली दारादारात उभी होती. पेढा खाल्लेली माणसं विचारायला बिचकत नाहीत.

"काय झालं गं सुलेखा? दुबईचं इमान चुकलं का?"

सुलेखा टेंपोकडं वळली. आठ महिन्यांची यशोधरा तिच्या कडेवर होती आणि ओढणीचं टोक चावत होती.

"माल नीट हाय ताई," टेंपोवाला म्हणाला. "पर गोदामातले काकासाहेब म्हणले, वजन जुळंना. कागदावर खोकं अकरा किलोचं, आन् आमच्या काट्यावर पावणेबारा. असा माल पुढं घेत नाय कुणी."

"कमी नाही ना भरलं?"

"कमी कुठं ताई, जास्ती भरलंय. काकासाहेबांनी तीन बार मोजलं. म्हणले, पंचवीस वर्षांत कमी भरणारे लई बघितले, जास्ती भरणारं हे पहिलंच घर."

आजी स्टूल ओढून दारात बसल्या होत्या. उतरणाऱ्या प्रत्येक खोक्यावर हात ठेवत त्या मोजत होत्या, खळ्यावर धान्य मोजतात तसं. "लाभ... दोन... तीन..." पहिल्याला त्या कधी 'एक' म्हणत नसत. "बारा. भरले," त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून कुणाकडं न बघता आत गेल्या.

कुणाकडं न बघता, हे सुलेखाच्या लक्षात आलं. तिच्या लक्षात सगळंच यायचं. बाळंतपणापासून तर तिचे कान आणि डोळे रात्रंदिवस पहाऱ्यावर असल्यासारखे झाले होते. पोरीचा श्वास जरा घरघरला की तिला स्वयंपाकघरातून कळे. शेडच्या एका कोपऱ्यात पोरीची झोळी होती; मसाल्याची धूळ तिकडं जाऊ नये म्हणून मध्ये तिनं दोन ओल्या चादरी टांगून ठेवल्या होत्या.

खोकी येसराची होती. भाजलेल्या धान्याचं, डाळींचं आणि मसाल्याचं ते पीठ आजी लग्न होऊन आल्यापासून करत होत्या; मूठभर येसर उकळत्या पाण्यात पडलं की घरभर लग्नाच्या पंगतीचा वास सुटायचा. पण त्याची पाकिटं करून दुबईला पाठवायचं वेड सुलेखाचं. माहेरच्या ओळखीतले वैजापूरचे नानासाहेब तिकडं दुकान चालवत होते. त्यांनी चारशे ऐंशी पाकिटं मागवली होती, शनिवारी दुपारपर्यंत माल परदेशी पाठवणाऱ्या काकासाहेबांच्या गोदामात पोचायलाच हवा होता, आणि सासऱ्यांनी, आजींच्या मुलानं धम्मपालांनी, आधीच सांगून ठेवलं होतं: हे एक होऊ दे, नाही झालं तर शेड गॅरेजवाल्याला भाड्यानं देऊ, आणि तू परत नोकरीला लाग. वाळूजच्या कंपनीतली क्वालिटी विभागाची नोकरी सुलेखानं पोरीसाठी सोडली होती. परत जायचं म्हणजे पोरीला सकाळी सातपासून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. या बारा खोक्यांत तिचं काय बांधलेलं होतं ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

संध्याकाळच्या चहाला सगळे शेडमध्येच जमले. विशाखाआत्या शाळा सुटल्याबरोबर रिक्षानं आल्या. धम्मपालांची ही धाकटी बहीण मुख्याध्यापिका होती आणि घरात शिरतानाही वर्गात शिरल्यासारखी शिरायची.

"मी म्हणलंच होतं," धम्मपालांनी बशीत चहा ओतला. चिकलठाण्याच्या कंपनीत तीस वर्षं फिटर म्हणून काढल्यामुळं कुठल्याही यंत्राचा दोष त्यांना बघायच्या आधी कळायचा. "मोबाइलवर बघून काटा मागवला. काटा काय मोबाइलवर घ्यायची वस्तू हाय? वडलांचा लोखंडी तराजू अजून पोटमाळ्यावर पडलाय. कधी गुंजभर हलला नाय."

"काटा पास केलेला आहे बाबा," सुलेखा म्हणाली. "खात्याचा शिक्का आहे त्यावर. वर्ष भरत आलं म्हणून उद्या पुन्हा तपासणीला बोलावलंय. वजनमापवाल्या दीपमाला मॅडम अकराला येणार आहेत."

धम्मपालांची बशी ओठांपाशी थांबली. "उद्या? सरकारी बाई उद्याच इथं? आन् ही बारा खोकी अशी उघडी?"

"मग काय दादा, पलंगाखाली घालायची?" आत्या म्हणाल्या. मग त्यांनी मोहरा सुलेखाकडं वळवला. "पण सुलेखा, तुझंही कळत नाही मला. पाठवायच्या आधी खोकं काट्यावर ठेवून बघायचं नाही? पाचवीतलं पोरगंसुद्धा उत्तर ताडून बघतं."

हे खरं होतं, म्हणूनच लागलं. रिकाम्या खोक्याचं वजन, पाकिटाचं वजन, आतल्या मालाचं वजन, सगळं तिनं कागदावर बेरीज करून घातलं होतं. भरलेलं खोकं उचलून काट्यावर ठेवायला तेवढी ती विसरली, कारण त्याच वेळी यशोधरा शिंकली होती.

"आत्या, आता तिला कशाला," अभय म्हणाला. सुलेखाचा नवरा लेबलं छापायच्या दुकानात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी इथं सीलिंग मशीनवर बसायचा. "उद्या मॅडम काटा बघतील. चुकला असंल तर चुकला म्हणतील."

"आन् काट्याला कुलूप घालून जातील," धम्मपाल म्हणाले. "झाला मग शनिवार."

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोरच्या चहावर साय धरली होती. एरवी अशा वादात त्यांचं एक वाक्य पडलं की कोर्ट उठायचं. आज पडलं नाही.

सगळे अंगणात गेल्यावर सुलेखानं एक खोकं उघडलं.

काटा चुकलेला नाही हे तिला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं ते सांगायची लाज वाटत होती. दर आठवड्याला ती यशोधराला याच काट्यावर निजवायची. पोरीचं वजन वाढीच्या तक्त्यातल्या रेषेच्या जरा खालीच राहत होतं. अंगणवाडीच्या ताई म्हणायच्या, काही नाही, ठणठणीत आहे. पण आईचं मन तक्त्यावरून हलत नव्हतं. बुधवारी अंगणवाडीत पोर सात किलो चारशे भरली. त्याच दुपारी शेडच्या काट्यावर सात किलो चारशे.

तिनं एकेक पाकीट काट्यावर ठेवलं. पाकिटाचं वजन वजा जाता आतला माल दोनशे सहासष्ट. दोनशे एकाहत्तर. दोनशे बासष्ट. दोनशे त्र्याहत्तर. सगळ्यांवर छापलेलं मात्र दोनशे पन्नास.

क्वालिटीत तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं: यंत्र चुकतं तेव्हा सगळीकडं सारखं चुकतं. दर वेळी वेगळी चूक असली तर समजायचं, मध्ये माणसाचा हात आहे.

भरायच्या दिवशीची रांग तिनं डोळ्यांसमोर आणली. काट्यावर कामाला येणाऱ्या सारजाबाई पाकीट भरणार. शेवटाला अभय सील करणार. आणि मध्ये, कुणी बोलावलेलं नसताना, स्टुलावर आजी. मांडीवर स्टीलचा डबा. "पाकिटांची तोंडं पुसून देते मी, नाय तर सील धरत नाय," असं त्या म्हणाल्या होत्या.

सारजाबाई तेवढ्या शेडमध्येच मागं राहून मघापासून झाडलेलीच जागा झाडत होत्या.

"सारजाबाई..."

"मला काय बी ठाव नाय ताई," प्रश्न यायच्या आधीच त्या म्हणाल्या.

"त्या डब्यात काय होतं?"

"डब्यात? डब्यात डब्यातलंच." केरसुणी जोरात चालू लागली. "म्हाताऱ्या माणसाला कोण काय म्हणणार? मुकाट्यानं भरत ऱ्हायले मी. तोंडावर बोट ठिवून म्हणल्या, सारजे, घरात कुणाला बोलू नको."

सुलेखानं अभयला अंगणातून बोलावून चादरीआड ओढलं. "तुला माहीत होतं."

"थोडंसं," अभय म्हणाला.

"थोडंसं म्हणजे? चारशे ऐंशी पाकिटं तुझ्या हातातून गेली, अभय."

"अगं, आजी एवढीशी मूठ टाकायची आणि माझ्याकडं बघून हसायची. म्हणाली, कुणाला सांगू नको. मला वाटलं, चांगलंच आहे की. कमी तर नाही ना टाकत."

"आणि मी कुणी नाही?"

त्यानं झोळीला उगाच एक हेलकावा दिला. "मग सांगून टाकू उद्या. मॅडम विचारतील तेव्हा."

"बाबांसमोर? आत्यांसमोर? सरकारी माणसासमोर त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला उभं करून सांगायचं, की हिनं गुपचूप पाकिटं बिघडवली?" तिचा आवाज आपोआप खाली गेला. "आणि नाही सांगितलं तर काट्यावर येईल. ज्या काट्यानं काही केलेलं नाही त्याच्यावर."

"मग काय करायचं?"

"मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?"

दीपमाला मॅडम शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना आल्या. पस्तिशीच्या, सावळ्या, पायात चपटे सँडल. मागून त्यांच्या सोबतच्या माणसानं एक जड लाकडी पेटी आणून टेबलावर ठेवली. धम्मपालांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. विशाखाआत्या किरकोळ रजा टाकून आल्या होत्या आणि पुढच्या रांगेतली खुर्ची धरून बसल्या होत्या. बारा खोक्यांवर धम्मपालांनी रात्रीतून चादर पांघरली होती, त्यामुळं ती जास्तच दिसत होती.

"हे काय झाकलंय?" मॅडमनी बसायच्या आधी विचारलं.

"ते... घरचं सामान," धम्मपाल म्हणाले.

"घरच्या सामानावर दुबईचा पत्ता?" चादर एका कोपऱ्यात तोकडी पडली होती.

सुलेखानं पोरीला अभयकडं दिलं आणि पुढं होऊन सगळं सांगितलं: माल का परत आला, किती जास्त भरला, उद्या दुपारपर्यंत तो का गेला पाहिजे. सगळं म्हणजे, मूठ सोडून सगळं. मग मॅडमनी पेटी उघडली. आत मखमली खाचांमध्ये पितळी वजनं बसवलेली होती, बारक्यापासून मोठ्यापर्यंत, पिल्लांना घेऊन बसलेल्या कोंबडीसारखी. आजी स्टुलावरून उठल्या आणि जवळ येऊन त्या वजनांकडं टक लावून बघत राहिल्या.

मॅडमनी काट्याच्या मध्यावर वजन ठेवलं, मग चारही कोपऱ्यांत. आकडे वाचले, सोबतच्या माणसानं लिहून घेतले.

"काटा चोख आहे," त्या म्हणाल्या. "शिक्का देते."

धम्मपालांच्या चेहऱ्यावर सुटका आणि निराशा एकदमच आली.

"म्हणजे प्रश्न काट्याचा नाही." मॅडमनी उघडलेल्या खोक्यातली पाकिटं एकामागून एक ठेवून बघितली. "प्रत्येकात वेगळं. काट्यावरून उतरल्यावर आणि सील व्हायच्या आधी यात काहीतरी पडलंय. तिथं कोण बसतं?"

सारजाबाईंनी वर पत्र्याकडं बघितलं. अभयनं यशोधराकडं.

"मी," सुलेखा म्हणाली. "माझी चूक आहे मॅडम. मी अंदाजानं वरून घालत गेले."

आत्यांनी झटकन मान वळवली. माल भरायच्या दिवशी त्या शेडमध्ये स्वतः हजर होत्या. सुलेखा दिवसभर पोरीला घेऊन चादरींच्या पलीकडं होती, पाकिटांपाशी बसलीच नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. त्या सुलेखाकडं बघत राहिल्या, आणि कधी नव्हे ते मुख्याध्यापिकेनं चूक उत्तर ऐकून घेतलं.

"खोटं नको बोलू पोरी."

आजी टेबलापाशी उभ्या होत्या, पितळी वजनावर बोट ठेवून.

"रोज चौथं शील म्हणायचं, खोटं बोलनार नाय म्हणून, आन् सरकारपुढं माझ्यापायी खोटं? बाई, म्या टाकलं. ह्या मुठीनं टाकलं. चारशे ऐंशी पाकिटात चारशे ऐंशी मुठी. ह्या पोरीला ठाव बी नव्हतं."

"माय!" धम्मपाल उठले. "अगं कशासाठी? कुणी सांगितलं होतं तुला?"

"खाली बस धम्मा. सांगनारं कोण ऱ्हायलंय आता मला." त्यांनी मॅडमकडं बघून विचारलं, "ही वजनं तुमच्या खात्याचीच ना? आमच्या अजिंठ्याच्या बाजारात असाच एक साहेब यायचा. पेटी अशीच. आमच्या मालकांनी, कचरूनं, नवा तराजू घेतला तवा त्या साहेबानं वजनावर शिक्का मारला. लई खूश झाला होता माणूस. गावातलं लोक म्हनायचं, ह्यांचं माप खोटंच असनार. लांब उभं ऱ्हायचं, आमच्या हाताला हात लागू नाय म्हणून फडकं पसरायचं. कचरू एकेकाला वजन उलटं करून दाखवायचा: बघा, सरकारचा शिक्का हाय."

"मग?" मॅडमनी विचारलं. त्या आता बसल्या होत्या.

"मग एक दिवस एक बाई म्हनाली, शिक्का सरकारचा असंल, हात तर तुमचाच ना." आजींनी उजवा हात उघडून बघितला, रेषांमध्ये येसराचा पिवळा रंग कायमचा मुरलेला होता. "कचरूनं लई मनाला लावून घेतलं. म्या नाय. म्या तराजू खाली टेकला, आन् तिच्या फडक्यात वरून एक मूठ टाकली. म्हणलं, बाई, ही हाताची. पुढच्या बाजारी ती दोघी जणींना घेऊन आली. तवापासून एक बी गिऱ्हाईक वरच्या मुठीबिगर गेलं नाय. धम्माची फी त्याच्यात झाली, इशाखाची डीएड त्याच्यात झाली. आता दुबईचं गिऱ्हाईक कवा बघितलं नाय म्हणून त्याला मूठ नाय द्यायची?"

धम्मपाल नाकपुड्या फुगवून पोटमाळ्याकडं बघत होते, जिथं तराजू होता.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "जास्त दिलं म्हणून आमचं खातं कुणाला धरत नाही. धरतो ते कमी देणाऱ्याला."

"मग झालं की."

"नाही झालं. हे पाकीट बंद आहे. घेणाऱ्याला आत बघता येत नाही, तुमचा हातही दिसत नाही. त्याच्यापुढं फक्त हा आकडा असतो. तो दोनशे पन्नास म्हणतो. एकात दोनशे बासष्ट, एकात दोनशे त्र्याहत्तर निघालं, तर त्याला वाटेल, यांच्या आकड्यात काही अर्थ नाही. उद्या एखाद्यात दोनशे चाळीस निघालं तरी त्याला नवल वाटायचं नाही. आमचं सगळं काम एवढंच आहे बघा, लिहिलंय ते खरं असलं पाहिजे."

आजींना हे पटलं नव्हतं. ओठ दुमडून त्या उभ्या राहिल्या. तेव्हा विशाखाआत्या बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात वर्ग नव्हता.

"आई, पाकिटावर लिहिलेलंही बोलणंच की. आपण तिथं नसताना ते आपल्या वतीनं बोलतं. मग चौथं शील त्याला नको?"

आजींनी लेकीकडं पाहिलं. "तुला डीएडला घातली ती ह्याच्यासाठी व्हय," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम दमल्यासारख्या स्टुलावर बसल्या. "बरं. नाय टाकत मूठ. काढून घ्या वरचं समद्यातलं."

हवं होतं ते मिळालं होतं, आणि सुलेखाला ते नको झालं. आजींचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, काम नसलेला. अभयच्या खांद्यावरून यशोधरा त्या हाताकडं झेपावत होती. पोरगी त्या हाताला रोज चाटायची. सुलेखा रोज पुसायची.

"आजी," ती म्हणाली, "मोजताना पहिल्याला तुम्ही लाभ म्हणता ना?"

"मग? एक कुठं म्हनत्यात?"

"लाभ पहिला येतो. मग तुमची मूठ शेवटी कशाला? आधी टाका. रिकाम्या पाकिटात पहिली मूठ तुमची, आणि मग सारजाबाई काट्यावर भरतील. मूठ लहान होऊ दे, मोठी होऊ दे, काटा बाकीचं सांभाळून घेईल. प्रत्येक पाकीट सारखं."

आजींनी डोळे बारीक केले. बाजारात चाळीस वर्षं काढलेली बाई अशी फसत नाही. "म्हंजे दोनशे पन्नासातच माझी मूठ? मग ती वरची कशी झाली? ते तर त्याचंच त्याला दिलं."

"दोनशे पन्नासात नाही. दोनशे पंचाहत्तर भरू, भाव मात्र दोनशे पन्नासाचाच." तिनं मॅडमकडं बघितलं. "मॅडम, असा आकडा चालतो?"

"आत तेवढं असेल तर का नाही चालणार? लेबल मात्र नवं लागेल. आणि बाहेरचे कागद तुमच्या काकासाहेबांनी नव्यानं करायचे, ते माझ्याकडं नाही."

"लेबलं तीन तासांत आणतो," अभय म्हणाला. एवढा वेळ अपराध्यासारखा उभा होता, तो हेल्मेट शोधायला लागला.

"आणि माल? पंचवीस-पंचवीस ग्रॅम पुरंल का?" धम्मपालांनी विचारलं. मग स्वतःच पिंपाचं झाकण उघडून वाकून बघितलं. "पुरंल. तीन-साडेतीन किलोच लागंल अजून. बाकी मायनं आधीच टाकून ठिवलंय." पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "सारजाबाई, हातमोजे आणा. मला बी एक जोडी."

नानासाहेबांना फोन आत्यांनी लावला, स्पीकरवर. "दोनशे पंचाहत्तर?" तिकडून आवाज आला. "हे काय माप म्हणायचं? इथं लोक विचारतील."

"विचारू द्या," आत्या म्हणाल्या. "सांगा, पंचवीस ग्रॅम सत्यभामाबाईंची मूठ आहे. अजिंठ्याच्या बाजारापासूनची."

मग नानासाहेब म्हणाले, "हे लेबलवरच छापा ना."

मॅडम निघाल्या तेव्हा त्यांनी पर्स उघडली. "मला अर्धा किलो द्या. सुटं. पैसे देऊन घेणार, आधीच सांगते."

सारजाबाईंनी नव्या शिक्क्याच्या काट्यावर कागद ठेवला, बरोबर पाचशेला हात थांबवला. आजींचा हात डब्याकडं गेला, अर्ध्यात थबकला.

"बाई, सुट्याला लेबल नसतंय ना?"

"नसतं आजी."

"तुम्ही समोर उभ्या हायत. हात दिसतोय."

"दिसतोय," मॅडम हसल्या.

मूठ पडली. काट्यावर आकडा पाचशे एकोणीस झाला आणि खात्याच्या बाईंनी तो मोठ्यानं वाचला.

शनिवारी साडेअकराला काकासाहेबांचा फोन आला: बाराच्या बारा खोकी कागदाला तंतोतंत, पुढं पाठवतोय. त्या वेळी धम्मपाल पोटमाळ्यावरून तराजू खाली काढत होते. चिंचेनं घासून तो त्यांनी शेडच्या दर्शनी भिंतीला टांगला आणि गॅरेजवाल्याला फोन करून सांगितलं की शेड रिकामं नाही.

रविवारी विहारातून आल्यावर सुलेखानं काट्यावर दुपटं अंथरलं, आकडा शून्यावर आणला आणि यशोधराला निजवलं. पोरगी पाय झाडत होती. आजी शेजारी वाकून उभ्या होत्या.

सात किलो सहाशे वीस.

सुलेखानं पुन्हा वाचलं. चार दिवसांत दोनशे वीस! तक्त्यातली रेषा तिच्या डोळ्यांसमोर आली; पोर रेषेला टेकत होती. हसू फुटायला आलं होतं तिला, तेवढ्यात तिच्या त्या पहारेकरी डोळ्यांना काट्याच्या कडेवर काहीतरी दिसलं. पिवळसर रेषांचं, सुरकुतलेलं एक बोट दुपट्याच्या आडोशानं कडेवर अलगद टेकलेलं होतं.

"आजी. बोट काढा."

बोट निघालं. सात किलो चारशे सत्तर.

दोघी त्या आकड्याकडं बघत राहिल्या. वाढलेलाच होता, फक्त आपल्या चालीनं वाढलेला.

"तू लई काळजी करती," आजी म्हणाल्या. त्यांनी पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि हाताचं बोट तिला चाटायला दिलं. "म्हणलं, तुला बी द्यावी एक वरची मूठ."

सुलेखानं तक्ता काढला आणि पेन्सिलीनं सात किलो चारशे सत्तर लिहिलं. त्या दिवशी तिनं पोरीचं तोंड पुसलं नाही.